१६एस ९९ टक्के जुळला, तरी प्रजाती ठरली असं नाही

कुत्र्याच्या त्वचेवरच्या पुवातून स्टॅफिलोकोकस वाढला, जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस आरआरएनए जनुकाचं सिक्वेन्सिंग (अक्षरक्रम वाचन) झालं आणि डेटाबेसनं सगळ्यात वर स्टॅफिलोकोकस इंटरमीडियस दाखवला. हे नाव तसंच रिपोर्टवर उतरवू नका. इंटरमीडियस, स्यूडइंटरमीडियस आणि डेल्फिनी यांचा १६एस जवळजवळ सारखाच असतो. कुत्र्यात बहुतेक वेळा सापडतो तो स्यूडइंटरमीडियस, आणि त्याचं वर्णनच २००५ साली झालं. हे तिघे वेगळे करायला एचएसपी६० किंवा न्यूक जनुक वाचावं लागतं.

प्रजाती ठरवताना १६एसच्या जुळणीसाठी ९८.७ टक्क्यांचा निकष लावतात, पण त्याचा अर्थ इथे बऱ्याचदा उलटा लावला जातो. जुळणी त्याखाली असेल तर प्रजाती बहुधा वेगळी. वर असेल तर एकच आहे असं मुळीच नाही. शिवाय तो निकष जवळजवळ पूर्ण, म्हणजे सुमारे १५०० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) जनुकासाठी आहे. ५०० बेस वाचून बऱ्याचदा फक्त वंश सांगता येतो.

वसाहत शुद्ध हवी, म्हणून एकदा पुन्हा रेघ ओढून वाढवा. टाचणीच्या टोकाएवढी वसाहत १०० मायक्रोलिटर पाण्यात ९५ अंशांवर १० मिनिटं तापवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या द्रवातला १ मायक्रोलिटर २५ मायक्रोलिटरच्या पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या प्रक्रियेत) घाला. जास्त वसाहत घेतली की पीसीआर बसतो. ब्लड अगार (रक्त घातलेलं वाढमाध्यम) खरवडून आला तर रक्तातलं हीमही आड येतं. बँड दिसला नाही तर जास्त डीएनए घालण्याआधी तो दहापट पातळ करून पाहा. बहुतेकदा तेवढंच पुरतं. स्टॅफिलोकोकसची भिंत नुसत्या तापवण्यानं फुटत नसेल तर ती तोडणारं लायसोस्टॅफिन एन्झाइम वापरा.

पीसीआरसाठी २७एफ आणि १४९२आर प्रायमर (जनुकाच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे), ५५ अंश, ३० चक्रं. चक्रं ३५–४० वर नेली की डीएनए न घातलेल्या नळीतही फिकट बँड येऊ शकतो, कारण पॉलिमरेज एन्झाइमसोबत जिवाणूंचा डीएनए अल्प प्रमाणात येतो. त्या नळीत बँड असेल तर तो पूर्ण संच टाकून द्यावा, इथे सवलत नको.

क्रोमॅटोग्राम, म्हणजे सिक्वेन्सिंगमधून आलेला शिखरांचा आलेख, डोळ्यांनी पाहायलाच हवा. सुरुवातीचे ३०–५० बेस खराब असतात, ते कापा. पहिल्यापासून शेवटपर्यंत दुहेरी शिखरं असतील तर बहुधा वाढ मिश्र आहे. मधल्या एखाद्या जागेपासून पुढे सगळंच विस्कटत असेल तर जनुकाच्या प्रतींमध्ये एखादा बेस कमी-जास्त आहे, ई. कोलायमध्ये अशा ७ प्रती असतात. तेव्हा उलट्या दिशेनं वाचा. एकट्या जागी दोन शिखरं दिसली तर तिथे वाय (सी किंवा टी) किंवा आर (ए किंवा जी) असं अक्षर ठेवा, आवडता बेस निवडू नका.

तुलना टाइप स्ट्रेनशी, म्हणजे त्या प्रजातीच्या अधिकृत नमुना-जिवाणूशी करा. सार्वजनिक डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाच्या नोंदी आहेत, त्यामुळे वरच्या नावाला एकट्याला किंमत नाही.

मायकोप्लाझ्मा बोव्हिस आणि मायकोप्लाझ्मा अगॅलॅक्टिए यांचा १६एसही जवळजवळ सारखा, म्हणून तिथेही हीच अडचण. दुसरा शेळ्या-मेंढ्यांच्या सांसर्गिक अगॅलॅक्टियाचा प्रमुख जिवाणू, म्हणून इथली चूक महागात पडते. युव्हीआरसी जनुक पाहिल्याशिवाय नाव देऊ नका. कुत्र्याच्या नमुन्यात त्या तीन स्टॅफिलोकोकसपैकी कोणता हे ठरलं नाही तर 'इंटरमीडियस गट' असंच लिहा, सोबत जनुक, वाचलेली लांबी आणि टक्केवारीही द्या.

गर्भपाताच्या नमुन्यातून बारीक, हळू वाढणारे ग्रॅम निगेटिव्ह कोकोबॅसिलस (आखूड, गोलसर दंडाच्या आकाराचे जिवाणू) आले आणि निकालात ऑक्रोबॅक्ट्रम दिसला, तर तो त्याचा जवळचा नातेवाईक ब्रुसेला, म्हणजे माणसालाही लागण करणारा जिवाणू, समजून प्लेट बंद करा. पुढचं काम योग्य जैवसुरक्षेतच.