पलंगाच्या खुरावरच्या रेघा

मागच्या मे महिन्यात आम्ही नागपूरच्या महाल भागातलं घर सोडलं आणि बेसा रोडवर चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. अंतर फार नाही, शहरातल्या शहरातच. पण एक्क्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, सागवानी पलंग, बंगई (झोपाळा), दोन कपाटं आणि देव्हारा असं सगळं घेऊन निघायचं म्हटलं की तेवढं अंतरही खूप होतं. शाळेतल्या दोघी मैत्रिणी या सुट्टीत घर बदलताहेत. "पॅकर्सवाले सगळं करतात ना, मग आपण काय करायचं असतं?" असं त्या विचारत होत्या. आपल्याला बरंच काही करायचं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी २००९ सालचं सांगते. मिस्टरांची चंद्रपूरहून नागपूरला बदली झाली तेव्हा आम्ही सामान हलवणाऱ्या लोकांना बोलावलं आणि निश्चिंत झालो. माणसं चांगली होती, हात झपाझप चालत होते. त्यांनी पलंग, ड्रेसिंग टेबल, शोकेस सगळं खोललं, आणि सगळ्यांचे स्क्रू, बोल्ट, खुंट्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत टाकले. ती पिशवी नागपूरला पोचलीच नाही. त्याहून वाईट झालं ते पलंगाचं. बाजूच्या दोन लांब पट्ट्यांची अदलाबदल झाली. बसत नाही म्हणून त्यांनी हातोडीने ठोकून बसवायला घेतलं आणि एक खूर सांध्यापाशी उभा तडकला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. नंतर तिथे लोखंडी पट्टी मारून घेतली, पण तेव्हापासून कूस बदलली की पलंग कुरकुरायचा.

हा पलंग सासऱ्यांनी १९७४ मध्ये करून घेतलेला. ते वनखात्यात होते, तेव्हा बल्लारशाला. लाकूड तिथलंच. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून सागवान गेलं, तेव्हा टीव्हीपुढे बसलेल्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पलंगावर हात ठेवून "हा त्याच जंगलातला" असं सांगितलं होतं. असं लाकूड आपल्या हातून फाटलं, याचं मला पंधरा वर्षं वाईट वाटत होतं.

म्हणून या वेळी सामान हलवणारे यायच्या आठवडाभर आधीच मी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. काका सत्तरीच्या घरातले, आयुष्यभर सागवानातच काम केलेलं. त्यांनी गादी काढायला लावली, मोबाईलचा टॉर्च घेतला आणि पलंगाखाली आडवे झाले. दोन मिनिटांनी आतूनच हाक मारली, "बाई, इकडे या, पाहा बरं."

मी फरशीवर आडवी झाले. खुराच्या आतल्या अंगाला, पट्टी जिथे खाचेत शिरते तिथे, पटाशीने पाडलेली एक बारीक रेघ होती. समोर पट्टीवर तशीच एक. दुसऱ्या खुरावर दोन रेघा, त्याच्या पट्टीवर दोन. तिसऱ्यावर तीन. पॉलिशचे थर बसून रेघा बुजत आल्या होत्या, पण बोट फिरवलं की नखाला अडकत होत्या. चौथा खूर तडकलेला. लोखंडी पट्टीचे स्क्रू काढल्यावर तिच्याखाली चार रेघा दिसल्या.

"ज्यानं केला ना, त्याला माहीत होतं हा पलंग फिरणार म्हणून," काका म्हणाले. "खिळा एक नाही मारला त्यानं. पाचर काढा, खुंटी काढा, सुटून जाते. पण नंबर पाहा लागते."

आईंना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. बल्लारशा, आलापल्ली, गोंदिया, प्रत्येक बदलीला सासरे स्वतः रेघा मोजून पलंग जोडायचे म्हणे. २००९ ला तुम्ही का नाही सांगितलं, असं मी विचारलं. "मी तेव्हा महालात होते गं, पलंग तुमच्याकडे चंद्रपूरला. मला कोणी विचारलं?" खरंच कोणी विचारलं नव्हतं. उचलणं, बांधणं, ट्रकमध्ये रचणं यात त्या लोकांचा हात धरणारं कोणी नाही, पण आपल्या घरातली वस्तू कशी जोडलेली आहे आणि कुठे नाजूक आहे हे त्यांना कसं कळणार? ते घरातल्यालाच माहीत असतं, आणि घरातल्याने ते आधी सांगून ठेवायचं असतं.

मग मी घरभर तेच केलं. ज्या वस्तूंवर रेघा नव्हत्या त्यांच्यावर कागदी टेपचे तुकडे चिकटवून नंबर घातले. हा टेप रंगाऱ्यांकडे असतो तो, पॉलिशला न ओरबाडता निघतो. खाकी पॅकिंग टेप लाकडावर थेट कधीच लावू देऊ नका. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याचा गोंद वितळतो आणि काढताना पॉलिशसकट निघतो. प्रत्येक सांध्याचा खोलण्याआधी एक फोटो, खोलताना एक. प्रत्येक वस्तूचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि ती पिशवी त्याच वस्तूच्या खणात किंवा मागच्या बाजूला बांधलेली. पाना, स्क्रू ड्रायव्हर, लाकडी हातोडी, पाचरी आणि सगळ्या किल्ल्या मात्र माझ्या पर्समध्ये. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद झाल्याचं शेजारी घडलंय.

जायच्या आधी फर्निचरला पॉलिश मारून घ्यावं, नव्या घरात चकचकीत दिसेल, असं माझ्या मनात होतं. काकांनी साफ नाही म्हटलं. ताजं पॉलिश वरून कोरडं लागतं, आत ओलं असतं, गुंडाळलं की कापडाचा पोत त्यावर उमटतो. तीच गोष्ट बबल रॅपची. तो थेट लाकडावर आला आणि ट्रक उन्हात तापला, की पॉलिशवर गोल गोल ठसे राहतात. आधी जुनं सुती कापड, मग फोम, मग बबल रॅप, आणि त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला. आईंची चार जुनी सुती लुगडी आणि सासऱ्यांची धोतरं मी त्यासाठी काढली. सामान बांधणाऱ्या मुलांनी एका शब्दाने विरोध केला नाही. त्यांच्यातला एक म्हणाला, "काकू, तुम्ही कापड देऊन राहिले तर आम्हाला काय, आम्ही लावतो. लोक देतच नाहीत."

सर्व्हेला माणूस येतो तेव्हा तो "बेड एक, अलमारी दोन" असं लिहून पाच मिनिटांत निघतो. त्याला थांबवा आणि घर फिरवून दाखवा. कुठला खूर तडकलेला आहे, कुठला आरसा सैल आहे, काय खोलायचं आणि काय नाही, हे त्याच्याच यादीत लिहून घ्या. आधीचे ओरखडेही त्यात यायला हवेत, म्हणजे नंतर वाद होत नाही. विमा कशाचा आहे आणि कशाचा नाही, हेही तेव्हाच लेखी घ्या.

आणि मापं घ्या. मी सातवीच्या मुलांना पायथागोरस शिकवते, पण तो घरात इतका उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. आमचं लोखंडी कपाट ७८ इंच उंच, १९ इंच खोल. नव्या बिल्डिंगच्या लिफ्टचं दार मोजलं तर उंची ७८ ला टेकलेली. म्हणजे लिफ्ट गेली, जिना आला. जिन्यात वळणावर, वरच्या जिन्याची खालची बाजू जिथे डोक्यावर येते, तिथे जागा ८४ इंच. ७८ चं कपाट ८४ मध्ये आरामात मावेल असं वाटतं. पण आडवं आणलेलं कपाट उभं करताना त्याची उंची लागत नाही, कर्ण लागतो. ७८ चा वर्ग अधिक १९ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ८० आणि थोडं. उरले पावणेचार इंच, त्यात माणसाची बोटंही आली. मी हे वहीत आकृती काढून त्यांच्या सुपरवायझरला दाखवलं. त्याने एक माणूस जास्त आणला आणि जिन्याचे जास्तीचे पैसे आधीच ठरले. कपाट रिकामं, फळ्या काढलेल्या, दारं सुतळीने बांधलेली. वळणावर ते बेताने फिरलं, भिंतीला लागलं नाही.

काचेचा टेबल टॉप आणि आरसे आडवे ठेवू द्यायचे नाहीत, उभेच न्यायचे. आडव्या काचेला खालून एक धक्का बसला की मधोमध जाते.

मुलाचं ऑनलाइन घेतलेलं स्टडी टेबल मी आणलंच नाही. ते पार्टिकल बोर्डाचं. एकदा खोललं की स्क्रूची भोकं भुसभुशीत होतात, दुसऱ्यांदा पकड येत नाही, आणि न खोलता ट्रकमध्ये टाकलं तर हादऱ्यांनी सैल होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा दहावीला गेला होता आणि त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. चौघांनी ते तसंच उचलून नेलं. त्याच्या अभ्यासाला ते चांगलं उपयोगी पडतंय.

तारीख आम्ही १८ मे धरली, नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधीची. शाळेला सुट्टी हे एक कारण. दुसरं काकांनी सांगितलं: मे महिन्यात लाकूड सुकून आक्रसलेलं असतं, सांधे हलक्या हाताने सुटतात. पावसाळ्यात तोच सांधा फुगून बसतो आणि मग लोक हातोडी उचलतात.

पण मे म्हटलं की कूलर आला. नागपूरकरांनी हे नीट ऐका. बांधणारे कूलर सकाळी सगळ्यात आधी उचलतात, कारण तो मोठा आणि ट्रकमध्ये मागे बसवायला सोयीचा. तसं होऊ दिलं तर अकरा वाजता घराची भट्टी होते. घरात म्हातारं माणूस असेल तर हे धोक्याचं आहे. आमच्याकडे दोन कूलर. मोठा आदल्या दिवशी सकाळीच बंद केला, टाकी रिकामी करून कोरडी पुसली, पंप काढून पिशवीत ठेवला, ताट्या (कूलरच्या बाजूंच्या गवताच्या जाळ्या) गच्चीवर वाळवल्या. ओल्या ताट्या ट्रकमध्ये शेजारच्या गादीवर निथळतात. छोटा कूलर आईंच्या खोलीत शेवटपर्यंत चालू ठेवला, तो शेवटी चढला आणि नव्या घरी पहिला उतरला. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ उतरवला, उभाच नेला, आणि पोचल्यावर काही तास तसाच राहू दिला.

आमच्या गल्लीत मोठा ट्रक शिरत नाही. त्यामुळे छोट्या हाथीने, म्हणजे लहान टेम्पोने, चौकापर्यंत खेपा आणि तिथे ४०७ ट्रकमध्ये भरणं, असं दोनदा चढवणं-उतरवणं होतं. बाजार उघडायच्या आत ते उरकावं म्हणून पोरं साडेपाचलाच हजर झाली. मी माठ भरून ठेवला होता आणि सगळ्यांना पन्हं दिलं. त्या उन्हात चार मजले कपाट चढवणाऱ्या माणसाची काळजी घेणं हाही या तयारीचाच भाग आहे, असं मला मनापासून वाटतं.

बेसाला काका आधीच येऊन बसले होते. एक रेघ एकीशी, दोन दोनशी. तडकलेल्या खुराला त्यांनी आतून सागवानी तुकडा बसवून आणला होता, लोखंडी पट्टी गेली. पाचरी हलक्या हाताने ठोकल्या. दुपारी दोन वाजता आई त्यावर आडव्या झाल्या, चारला उठल्या. "आवाज येत नाही गं याचा," म्हणाल्या.

बंगई लागायला आणखी तीन आठवडे गेले. महालात ती लाकडी मयालीला, म्हणजे छताच्या तुळईला, टांगलेली होती. इथे स्लॅबमधली तुळई नेमकी कुठे आहे ते बिल्डरच्या नकाशावर पाहून मगच हूक बसवले. पितळी कड्यांच्या चारही साखळ्या काढताना मी मोजून चिठ्ठी लिहिली होती: भिंतीकडच्या दोन २७ कड्यांच्या, दाराकडच्या दोन २८ च्या. जुन्या घराची मयाल एका अंगाला किंचित चढती होती, म्हणून सासऱ्यांनी तिकडे एकेक कडी जास्त घातली होती. नव्या घराचं छत सपाट. काकांनी दोन्ही साखळ्यांतून एकेक कडी काढली, बंगईवर पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली, ती लवंडली नाही. काढलेल्या दोन्ही कड्या आईंनी पदराने पुसल्या आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवल्या.