काही दुखत नसताना

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी फिटनेस हवा म्हणून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला एक बागायतदार माझ्याकडे आला होता. वय 51, अंगाने काटक, स्वतःच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, अजूनही पोफळीवर चढणारा. स्टेथोस्कोप लावला तर ठोक्यामागे खुट्ट असा एक जादा आवाज. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी, तिच्या तोंडाशी जी झडप असते तिला तीन पाकळ्या असतात, याच्या झडपेला दोनच. शंभरातल्या एखाद-दोघांची झडप जन्मापासून अशी असते आणि पुष्कळांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. पण अशा लोकांत झडपेच्या वरची महाधमनी फुगत जाण्याचा धोका असतो. साडेतीनच्या आसपास असायला हवी ती याची 5.3 सेंटीमीटर होती.

हर्निया राहिला बाजूला. सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, आकडा आला 5.1. दोन्ही रिपोर्ट घेऊन नवरा-बायको आणि धाकटा भाऊ फोंड्याला माझ्या दवाखान्यात आले, तो दिवस सांगायचाय.

भाऊ बसायच्या आतच म्हणाला, "डॉक्टर, कमी झाली की!" कमी झालेली नव्हती. नळी काटकोनात मोजली तर खरा व्यास कळतो, इकोचा छेद जरा तिरका गेला की आकडा फुगतो. मी कागदावर काढून दाखवत होते, तोवर पेशंटच बोलला, "केळ तिरकी तोडली की काप मोठा दिसतो, तसंच ना?" तसंच.

आता खरी अडचण. 5.5 झाली की ऑपरेशन करावं, यावर डॉक्टरांत फारसा वाद नाही. 5 ते 5.5 हा मधला पट्टा त्रासाचा. घरात कुणाची महाधमनी फाटलेली असेल किंवा फुगवटा झपाट्याने वाढत असेल, तर 5 लाच करून टाकावं. नाहीतर रक्तदाब ताब्यात ठेवायचा, ओझी उचलणं बंद आणि ठरावीक काळाने मोजत राहायचं. हात बसलेल्या सर्जनकडे ठरवून केलेल्या ऑपरेशनात शंभरात एक ते तीन जण दगावतात. धमनी आतून चिरल्यावर धावपळीत केलं, तर तोच आकडा पंधरा-वीसवर जातो, आणि तोसुद्धा टेबलापर्यंत जिवंत पोचलेल्यांचा.

"पण ह्यांना काही दुखत नाही," बायको म्हणाली. "चालत्या-फिरत्या माणसाची छाती कशाला फाडायची?"

यावर माझ्याकडे कधीच चांगलं उत्तर नसतं. छातीत कळ आलेला माणूस स्वतःच सही करायला पेन मागतो. याला तर काल पोफळीवर चढून आल्यावर धापसुद्धा लागली नव्हती. फुटेपर्यंत ही धमनी बहुधा काही बोलत नाही, एवढंच मी सांगितलं. भावाने लगेच विचारलं, मोठमोठे डॉक्टर स्वतःवर करून घेतात का हे? मी मायकेल डिबेकींची गोष्ट सांगितली. डेक्रॉनच्या नळ्या शिवून ही ऑपरेशनं रूढ करणाऱ्या या सर्जनची स्वतःची महाधमनी 2005 च्या शेवटी चिरली. आधी ते नको म्हणत होते. 2006 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी, ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ते दोनेक वर्षं जगले. "डेक्रॉन म्हणजे शर्टाचं कापड?" पेशंटने विचारलं. जवळपास तेच, पॉलिस्टर.

फाइलमध्ये लिहिलेलं होतं: वडील 58 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. नक्की काय झालं होतं, म्हणून पुन्हा विचारलं. हा त्या दिवशी सुपारी घेऊन वाळपईला गेला होता, भाऊ शाळेत. घरी होती नवी सून.

"मामंजी छातीत म्हणाले ते एकदाच," ती म्हणाली. "मग पाठ, पाठ करत राहिले. खांद्यांच्या मधे कुणी कोयता ओढतोय म्हणाले. मी तेल चोळत बसले होते. गाडी येईस्तोवर आटपलं."

पोस्टमॉर्टेम झालं नव्हतं. दुखणं छातीतून पाठीत जाणं, फाटल्यासारखं वाटणं, ही महाधमनी चिरल्याची पाठ्यपुस्तकातली खूण. अटॅकही असू शकेल, आता सिद्ध काहीच करता येणार नाही. हे मी त्यांना तसंच सांगितलं आणि पुढे म्हटलं, की इतका वेळ मी काठावर होते, आता माझं मत ऑपरेशनच्या बाजूने आहे. बायको बराच वेळ नवऱ्याकडे बघत होती. मग तिने पर्समधून गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेचं कार्ड काढलं आणि हे चालेल का, असं विचारलं.

पुढचा तास झडपेवर गेला. उघडल्यावर झडपही बदलावी लागली तर कोणती? धातूची टिकते, पण जन्मभर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. "आणि माझ्या हातात दिवसभर कोयता," तो म्हणाला. जनावराच्या ऊतीची घेतली तर गोळ्यांपासून बहुधा सुटका, पण दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा टेबलावर. त्याने दुसरी निवडली. माझंही मत तेच पडलं असतं.

जाताना म्हणाला, "आधी ह्याला तपासा." सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करायचीच असते, पण ऑपरेशन नको म्हणणारा भाऊ टेबलावर झोपायलाच तयार होईना. वहिनीने दटावल्यावर झोपला. तीन पाकळ्या, 3.4.

सुपारीचा पाडा आटपून जाईन, असा पेशंटचा हट्ट. पोफळीवर गडी चढेल, पोतं तो उचलणार नाही आणि रक्तदाबाची गोळी चुकणार नाही, या अटींवर मी बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या सर्जनांशी बोलून तारीख घेतली. झडप चांगली निघाली, म्हणून तिला हात लावला नाही, फक्त वरची नळी बदलली. झडप दोन पाकळ्यांचीच राहिली, तेव्हा दरवर्षी इको आलाच. मुलगी पुण्याला शिकते, तिची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत ठरली आहे.