नवी बॅटरीही बसली तेव्हा

सांगलीत विश्रामबागला आमच्या दारात चारचाकी आठवडाभर उभीच असते. कामावर जायला दुचाकी आहे. गाडी बाहेर निघते ती आईला मिरजेला डॉक्टरांकडे न्यायचं असलं किंवा पाहुण्यांत काही कार्य असलं तरच. नेमक्या मिरजेला जायच्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टकटक व्हायला लागलं. दुकानदाराने काहीही न मोजता 'बॅटरी संपली' म्हणून नवी बसवून दिली. काही दिवसांतच तीही बसली, तेव्हा मला खरंच संताप आला.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन आहेत. ते म्हणाले, "बॅटरीच्या मागं लागू नकोस बाळा. करंट कोण खातंय ते बघूया की."

आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरली आणि काही तास तशीच ठेवून मोजली. १२.६ व्होल्ट, म्हणजे तब्येत ठीक. इंजिन चालू करून मोजलं तर १४.२, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) चार्ज करतोय. आता चोर उभ्या गाडीतच शोधायचा होता.

इंजिन बंद, किल्ली खिशात. दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि वायर आणि टर्मिनल यांच्या मधे मल्टिमीटर लावला. मीटरची लाल पिन १० ॲम्पिअरच्या भोकात घालायची, नाहीतर मीटरचाच फ्यूज उडतो. मीटर असा मधे असताना स्टार्टर मारायचा नाही, हे काकांनी पुन्हा पुन्हा बजावलं. फ्यूजचा एक डबा डॅशबोर्डखाली असतो, त्यामुळे ड्रायव्हरचं दार उघडं हवं. पण दार उघडं असलं की गाडी जागी राहते. काकांनी दाराच्या कडेचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बंद केलं, गाडीला वाटलं दार लागलं. (नंतर हँडल ओढून ते लॉक सोडवायचं आणि मगच दार लावायचं.)

मीटर सुरुवातीला दोन ॲम्पिअरच्या वर दाखवत होता. मी लगेच फ्यूज काढायला गेलो, तर काकांनी हात धरला. "थांब की जरा. गाडीला झोपू दे आधी." आतले कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, एकेक करून बंद होतात, त्याला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. आम्ही चहा घेऊन आलो तेव्हा आकडा ०.३८ वर थांबला होता आणि तिथून हलेना. साधारण ०.०५ ॲम्पिअरपर्यंत खप चालतो. घड्याळ, लॉकचा रिसिव्हर यांना तेवढा लागतोच. ०.३८ म्हणजे दिवसाला नऊ ॲम्पिअर-अवर. आमची बॅटरी ३५ची. ती आठवडाभर तग धरणार कशी?

फ्यूज उपटत बसलं की काही युनिट पुन्हा जागे होतात आणि हिशेब बिघडतो. म्हणून काकांनी दुसरा मीटर मिलिव्होल्टवर ठेवला. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, त्यांना मीटरच्या दोन्ही टोकांनी स्पर्श करायचा. करंट जात नसेल तर शून्य. आम्ही एकेक फ्यूज तपासत गेलो. शून्य, शून्य, आणि मग १५ ॲम्पिअरच्या निळ्या फ्यूजवर दीडच्या वर आकडा आला. तेवढा एक उपसला आणि मुख्य मीटर ०.०३ वर उतरला. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो सांगता यायचा नाही. (सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नसता, तर अल्टरनेटरच्या डायोडवर संशय घ्यायचा होता.)

झाकणावरच्या नकाशाप्रमाणे तो फ्यूज म्युझिक सिस्टिमचा आणि आतल्या दिव्याचा. दिवा तर विझलेला होता. मग मागच्या वर्षी बाहेरून बसवलेली अँड्रॉइड स्क्रीन डॅशबोर्डमधून बाहेर ओढली. तिच्या पिवळ्या वायरला कायमचा सप्लाय लागतो, सेटिंग लक्षात राहावं म्हणून; लाल वायरला किल्ली फिरवल्यावरच मिळायला हवा. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. काच काळी दिसायची, पण आत स्क्रीन रात्रंदिवस जागी.

लाल वायर सोडवून किल्लीवर चालू होणाऱ्या लाइनला जोडली. काकांनी डाख दिला आणि वर स्लीव्ह चढवली. फ्यूज परत घातला, गाडी झोपेपर्यंत थांबलो, पुन्हा मोजलं: ०.०३.

त्यानंतर गावाला जाऊन आलो, गाडी बरेच दिवस हललीही नव्हती, तरी पहिल्या फिरकीत सुरू झाली. माझी जुनी बॅटरी मात्र नव्या बॅटरीच्या बदल्यात गेली, ती बहुधा अजून चांगली होती. नवी स्क्रीन बसवून घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी तिथेच किल्ली काढून, गाडी झोपल्यावर मीटर लावून बघायला सांगावं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.