डोमेन कुणाच्या नावावर?

"पैसे भरायचं थांबवलं तर आपला मजकूर घेऊन बाहेर पडता येतंय काय?"

बेळगावच्या टिळकवाडीत वाचनालयाच्या वेबसाइटची बैठक. पोरगा लॅपटॉपवर एका तयार सेवेचं टेम्पलेट, म्हणजे साइटचा साचा, दाखवत होता, ओढा, सोडा, झाली साइट! सगळे खूश. तेवढ्यात निवृत्त गुरुजींनी हे विचारलं आणि पोरगा गप्प.

प्रश्न बरोबर होता. अशा काही तयार सेवांमध्ये साइट त्यांच्याच सर्व्हरवर राहते, जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वर्डप्रेस हे साइट बनवायचं २००३ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर. लेख-पानं फाइलीत काढून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, चढवता येतात. फुकट म्हणतात खरं, पण होस्टिंगचे पैसे आहेतच. आणि अपडेट कोण करणार? जुनी प्लगिन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तशीच पडली की हॅकरना आयतं दार. आमच्याकडे मराठीसोबत कन्नड पानंही हवीत, त्यालाही वेगळं प्लगिन!

तरी माझं मत वर्डप्रेसलाच.

ते बहुतेक ठरेल. घोडं अडलंय डोमेनवर, म्हणजे साइटच्या पत्त्यावर. अध्यक्ष म्हणतात माझ्या नावावर घ्या, पोरगा म्हणतो माझ्या ईमेलवर सोपं पडतंय. उद्या दोघंही कमिटीत नसले तर? संस्थेच्या नावावर घ्यायला काय हरकत आहे, हे कुणीच सांगेना.

तुमच्या मंडळाचं डोमेन कुणाच्या नावावर आहे, बघितलंय कधी?