दगडी कोळशातले पिवळे ठिपके

आपल्या कोल्हापुरात कुठंबी खणा, काळा दगड लागतो, पण तो बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दगडी कोळसा इथं नाहीच, तो तिकडं वणी-चंद्रपूरला, आणि वयानं २५ कोटी वर्षांच्या पुढचा. तरी वडील शिरोलीत फाउंड्रीला होते म्हणून कोळसा नि कोक लहानपणापासनं बघत आलोय.

परवा एका लोहाराकडनं एक खडा मागून आणला. फोडला तर एकाआड एक पट्टे, एक काचेसारखा चकचकीत, एक मळकट, आणि मधल्या बारीक फटीत पिवळे ठिपके, नखानं खरवडलं तरी निघेनात. हे पायराइट, म्हणजे लोखंड नि गंधक. आर्सेनिक (सोमलातलं विषारी मूलद्रव्य) आणि पारा बऱ्याचदा ह्याच्यातच बसलेले असतात, गंधकाची जागा आर्सेनिक घेतं. जर्मेनियम ह्या दुर्मिळ मूलद्रव्याचं मात्र उलट, ते पायराइटला सोडून खुद्द कोळशाच्या सेंद्रिय भागाला चिकटतं, आणि बऱ्याच खाणीत थराच्या अगदी वरच्या नि अगदी खालच्या पट्टीत जास्त सापडतं, मधे विरळ. कारण थर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर असताना वरच्या-खालच्या वाळूतनं जे पाणी झिरपत आलं त्यातलं जर्मेनियम कडेलाच अडकलं.

म्हणून कुणी "ह्या कोळशात आर्सेनिक इतकं पीपीएम" (दहा लाख भागांत इतके भाग) म्हणालं की मी आधी विचारतो, थराच्या कुठल्या भागातलं? नमुना घ्यायचा तर थराच्या छतापासनं तळापर्यंत सरळ चर मारायचा आणि प्रत्येक पट्टीची पिशवी वेगळी भरायची. सगळं एकत्र कुटून सरासरी काढली की कडेची पट्टी दिसतच नाही. धुण्याचंही तसंच, पायराइटचे दाणे मोठे असतील तर वॉशरीत, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यात, आर्सेनिक बरंच खाली येतं, पण दाणे पिठासारखे बारीक विखुरलेले असले की धुऊन काही होत नाही.

चीनच्या ग्वीजो प्रांतात लोक घरातच, धुराडं नसलेल्या चुलीवर असला कोळसा जाळून मिरच्या वाळवायचे. तिथल्या काही कोळशात ३५,००० पीपीएमपर्यंत आर्सेनिक, साध्या कोळशात ते सहसा १० च्या आसपास. तो धूर मिरचीत मुरला, मिरची पोटात गेली, आणि हजारो माणसांच्या अंगावर आर्सेनिकचे चट्टे उठले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आई गच्चीवर वर्षाच्या चटणीच्या मिरच्या उन्हात पसरत होती, मी पुस्तक तसंच उघडं ठेवून तिच्याजवळ जाऊन बसलो.

खडा आता टेबलावर आहे. उद्या कॉलेजात त्याचा काप घासून मायक्रोस्कोपखाली ठेवणार, दाणे मोठे आहेत का बारीक, ते बघायचंय.