सेगुंदा बीचे गोलरक्षक: होसे हुआनचं पान कुठवर आलं

सेगुंदा बी ही 2021 पर्यंत स्पॅनिश फुटबॉलची तिसरी श्रेणी. तिच्यातल्या गोलरक्षकांच्या आकडेवारीची पानं आपण एकेक करून भरतोय, या खेपेचं पान होसे हुआन फिगेरास गार्सियाचं. जन्म 1979, गाव गॅलिसियातलं मोआन्या. क्लब लुगो, एल्चे आणि चाळिशीच्या पुढे अल्कोयानो. नुसतं 'होसे हुआन' शोधलं तर भलतेच खेळाडू समोर येतात. दोन्ही आडनावं आणि जन्मसाल जुळल्याशिवाय कोणतीही ओळ पक्की धरायची नाही. स्पॅनिश याद्या पहिल्या आडनावावर लावतात, म्हणून फिगेरासखाली बघायचं.

कोपा देल रे या स्पॅनिश चषकाचे रेआल माद्रिदविरुद्धचे दोन्ही सामने भरून झाले. 20 जानेवारी 2021, अल्कॉयचं एल कोयाओ मैदान: मध्यंतराच्या तोंडावर रेआलच्या मिलितांवचा हेडर, 80व्या मिनिटाला सोल्बेसची बरोबरी, जादा वेळेत अल्कोयानोचा एक खेळाडू बाहेर आणि तरीही 115व्या मिनिटाला हुआनानचा गोल. 2-1. गोलरक्षकाचं वय तेव्हा 41. पुढच्या वर्षी, 5 जानेवारी 2022 ला, त्याच मैदानावर 1-3. त्यातला एक गोल होसे हुआनच्या नावावर स्वयंगोल म्हणून लागला. स्वयंगोलाचा रकाना वेगळा ठेवा, पण खाल्लेल्या गोलांमधून तो वजा करू नका. कोणाच्याही पायाला लागून चेंडू आत गेला तरी गोल गोलरक्षकाच्याच खात्यात जातो.

सरासरी नेमकी इथेच चुकते. दोन सामने, चार गोल, म्हणजे सामन्यामागे 2.00. पण पहिला सामना 120 मिनिटांचा होता. एकूण 210 मिनिटं धरली तर 90 मिनिटांमागे 1.71. दोन सामन्यांत एवढा फरक पडतो, तर अनेक बाद फेऱ्या खेळलेल्या गोलरक्षकाचं काय होईल ते बघा. म्हणून मूळ रकाना मिनिटांचा, सामन्यांचा नव्हे. पेनल्टी शूटआउटमधले गोल कुठेच धरायचे नाहीत. बढतीच्या प्लेऑफला स्वतंत्र ओळ द्यायची, लीगच्या आकड्यात मिसळायचा नाही.

'मार्का' या क्रीडा दैनिकाच्या सामोरा पुरस्काराशी (सामन्यामागे सर्वांत कमी गोल खाणाऱ्या गोलरक्षकाला मिळतो तो) आकडे ताडून पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथे गोल भागिले सामने हाच गुणांक चालतो, आणि प्रिमेरात, म्हणजे पहिल्या श्रेणीत, निदान 60 मिनिटं खेळलेले किमान 28 सामने लागतात. पस्तिसाव्या मिनिटाला जायबंदी होऊन बाहेर गेलेला गोलरक्षक आपल्या तक्त्यात 35 मिनिटांसह राहतो, सामोराच्या हिशोबात तो सामना धरला जात नाही. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाच रकान्यात कोंबू नका.

लीगच्या ओळी भरताना दोन हंगाम डोकेदुखीचे. 2019-20 मध्ये कोरोनामुळे सेगुंदा बी 28व्या फेरीवर थांबली. तिथे 38 पैकी किती सामने, असं प्रमाण काढलं तर नियमित खेळलेला गोलरक्षकही राखीव वाटतो. भागाकार 28 नेच करायचा. 2020-21 मध्ये तर पाच गटांचे दहा उपगट केले. दहा संघांच्या उपगटात आधी 18 सामने, मग दुसरा टप्पा. पहिल्या सहा क्रमांकांत आलेल्यांना त्यात आणखी सहा. काही संकेतस्थळांवर हे टप्पे दोन वेगळ्या स्पर्धा म्हणून दिसतात आणि एकाच हंगामाच्या दोन ओळी होतात. बेरीज करून एक ओळ करा, शेऱ्यात '18+6' लिहा. 2021-22 मध्ये तिसरी श्रेणी झाली प्रिमेरा आरएफईएफ (आरएफईएफ म्हणजे स्पॅनिश फुटबॉल महासंघ), 2022-23 पासून तिचं नाव प्रिमेरा फेदेरासिऑन. सेगुंदा आरएफईएफ (आता सेगुंदा फेदेरासिऑन) ही चौथी श्रेणी, तिला जुन्या सेगुंदा बीची पुढची कडी समजून जोडू नका.

राखीव गोलरक्षकाचं पान जोडीने उघडावं, हा आग्रह आहे. सेगुंदा बीत संघाला 22 परवाने (म्हणजे नोंदणीकृत खेळाडू) आणि त्यांत 23 वर्षांवरचे जास्तीत जास्त 16, असं गणित असे. अनुभवी गोलरक्षकाने वरच्या वयाची एक जागा घेतली की दुसरा बहुधा तेविशीच्या आतला. हे डोक्यात असलं की कोणाच्या मागे बाकावर पोरसवदा गोलरक्षक का बसलाय ते उलगडतं, आणि मिनिटांची वजाबाकीही पडताळता येते: दोघांची मिळून मिनिटं संघाच्या एकूण मिनिटांएवढी भरली पाहिजेत. नाही भरली, तर तिसरा कुणीतरी निसटलाय.

पंचांच्या अहवालात सुरुवातीचा संघ, बदली, गोल आणि कार्डं मिळतात. अडवलेली पेनल्टी तिथे शोधू नये, ती स्थानिक वर्तमानपत्राच्या वृत्तांतातच सापडते. वृत्तांत हाती नसेल तर त्या रकान्यात शून्य न लिहिता रेघ ओढायची. होसे हुआनच्या पानावर सध्या हा रकाना बहुतांश रेघांचाच आहे. लुगोपासूनचे वृत्तांत त्यासाठी चाळायला घेतलेत.