सां त्रोपेचा अलार, लाहोरचा जनरल

दक्षिण फ्रान्समधल्या सां त्रोपेला रेल्वे जात नाही. सां राफाएलला उतरायचं आणि पुढे बस किंवा बोट धरायची. आम्ही बोटीने गेलो. बंदरात कोट्यधीशांच्या यॉटी आणि धक्क्यावर सुफ्राँचा पुतळा. १७८२-८३ मध्ये भारत आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर इंग्रजी आरमाराशी लागोपाठ लढलेला हा फ्रेंच दर्यावर्दी. मी मात्र आले होते ती घोडदळातल्या एका माणसासाठी.

जाँ-फ्रान्स्वा अलार याच गावात १७८५ मध्ये जन्मला. नेपोलियनच्या ड्रॅगून घोडदळात शिरला, इटलीत आणि स्पेनमध्ये लढला, जखमी झाला. १८१५ मध्ये तो मार्शल ब्रूनचा एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, होता. वॉटर्लूनंतर ब्रूनला आव्हिन्यॉनच्या जमावाने ठार मारलं. बादशहाच्या अशा माणसाला नव्या राजवटीत पुढे काय मिळणार होतं? अलार देश सोडून इराणला गेला, आणि तिथून १८२२ मध्ये इटालियन साथीदार व्हेंतुराबरोबर लाहोरला.

लाहोरलाच का, हे मराठी वाचकाला फारसं समजवावं लागू नये. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयन या युरोपीय सेनानीने उभ्या केलेल्या कंपूंची, म्हणजे कवायती पलटणींची, कीर्ती मोठी होती, पण १८०३ मध्ये इंग्रजांकडून शिंद्यांचा पराभव झाल्यावर अशा नोकरीचं ते दार इंग्रजांनी तहानेच बंद केलं. १८१८ मध्ये पेशवाई गेली. इंग्रजांपुढे बरोबरीने उभं राहू शकेल असं मोठं लष्कर उरलं होतं ते रणजितसिंहांचंच.

महाराज कमालीचे सावध होते. हे दोघे इंग्रजांचे हेर तर नाहीत ना, या शंकेने त्यांनी दोघांकडून फ्रेंचमध्ये अर्ज लिहून घेतला आणि इंग्रजांचं ठाणं असलेल्या लुधियान्याला पाठवून त्याचा अर्थ लावून घेतला. खात्री पटल्यावर मात्र अलारकडे घोडदळाची कवायत सोपवली. नेपोलियनच्या धर्तीवर ड्रॅगून आणि भालाईत पथकं उभी राहिली, हुकूमही फ्रेंचमध्येच सुटायचे. पंजाबी स्वार हाडाचाच घोडेस्वार. अलारने त्याला रांगेने, एका आज्ञेवर चालायला शिकवलं. माझ्या मते स्पेनमधल्या सगळ्या लढायांपेक्षा त्याचं हे काम मोठं आहे.

त्याची बायको बन्नू पान देई चंब्याची. १८३० च्या दशकाच्या मध्यावर तो तिला आणि मुलांना घेऊन गावी आला. राजा लुई-फिलिपने त्याला लाहोर दरबारातला फ्रान्सचा प्रतिनिधी नेमलं. मग कुटुंबाला इथे ठेवून तो एकटाच परत गेला, आणि जानेवारी १८३९ मध्ये पेशावरला वारला. बन्नू १८८४ पर्यंत इथेच राहिली. हिमालयातली ही बाई जवळजवळ अर्धं शतक या कोळ्यांच्या गावात कशी राहिली असेल, हा विचार गल्ल्यांमधून हिंडताना माझा पिच्छा सोडत नव्हता.

२०१६ मध्ये गावाने रणजितसिंहांचा अर्धपुतळा बसवला. त्याचे फोटो काढले, पण अलारची कबर आहे लाहोरला, त्याच्या लहानग्या मुलीच्या शेजारी. त्या बागेला लोक कुडी बाग म्हणतात. भारतीय पासपोर्टवर तिथवर पोचणं सोपं नाही, तरी व्हिसासाठी मी प्रयत्न करणार आहे.